फोडे घराणे आणि साळूबाईचा काटा

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. नाकातले बोट काढा. आज आपल्याला लांब जायचे आहे.

एका जंगलात फोडे नावाचे घराणे नांदत होते. विषाणूंचे घराणे. विषाणू म्हणजे इतका बारीक जीव, की तो मुंगीच्या डोळ्यात गेला तरी खुपत नाही. तो कोणालाच दिसत नसे. म्हणून जंगलातले लोक त्याला फार मानत. दिसणाऱ्याला माणूस लाथ मारतो आणि न दिसणाऱ्याला नमस्कार करतो. प्राण्यांनी हे कोणाकडून उचलले, ते मला विचारू नका.

घराण्यात भाऊ पुष्कळ होते. त्यातले थोरले फोडेराव फार नावाजलेले. ते अंगात शिरले की आधी ताप भरे, मग अंगभर फोड उठत. कित्येक जात. जे उरत, त्यांचे तोंड चाळणीसारखे होई, नाहीतर डोळे जात. मधले फोडे रानकोंबड्यांच्या तुऱ्यावर बसून खात. आणि धाकटा फोडे पाणवठ्यावरच्या म्हशींच्या आचळांवर राही. चार फोड, थोडी कणकण, जराशी खाज, की निघाला पुढच्या म्हशीकडे. त्याला कोणी 'राव' म्हणत नसे.

कांजिण्या नावाची एक बाईही 'मी फोड्यांचीच' असे सांगत हिंडे. पण तिचे कुळ वेगळे. नुसते फोड आणता आले म्हणून कोणी फोडे होत नाही.

थोरल्या फोडेरावांचा जंगलात मोठा दरारा होता. 'अमक्याला रोग झाला' असे म्हणायची सोय नव्हती. 'अमक्याकडे साहेब उतरलेत' असे म्हणायचे. साहेब उतरलेल्या घरात कोणी रडायचे नाही, कारण साहेबांना आवाज सोसत नाही. रोग्याला औषध द्यायचे नाही, कारण तो साहेबांचा अपमान होतो. हे सगळे नियम तरसबुवांनी घालून दिले होते. बुवांनी एका वडाखाली साहेबांचे ठाणे मांडले होते. एक गोल दगड, त्याला शेंदूर. तिथे नैवेद्य यायचा. साथ आटोपली की मेलेल्यांची व्यवस्थाही बुवाच लावत. तरस काय खातो, हे तुम्हाला शाळेत शिकवले असेलच.

या जंगलात साळूबाई नावाची साळिंदर राहत होती. ती वैदीण होती. कोणाच्या पायात काटा रुतला, गळू पिकले, कान ठणकला, की तिच्याकडे यायचे. तिच्या अंगावर काटे आणि जिभेवर त्याहून जास्त. "चिखलात लोळताना अक्कल कुठे ठेवली होतीस?" असे विचारल्याशिवाय ती कोणाच्या जखमेला हात लावत नसे. म्हणून लोक बरे होत, पण पुन्हा वाटेत भेटले तर तोंड चुकवत. तिचा नवरा राजाच्या सेवेत कामी आला होता. म्हणजे राजाने त्याला खाल्ले होते. राजा वाघ होता, त्याचे नाव पट्टेराव.

साळूबाईला तीन पोरे होती. बोरू, खैरू आणि धाकटी बाभळी. बाभळी अंगावर पीत होती तेव्हा साथ आली आणि बोरू-खैरूंकडे साहेब उतरले.

साळूबाई मुळ्या उगाळायला बसली. तेवढ्यात दारात तरसबुवा उभे.

"वैदीणबाई, जंगलाला उकळून पाजा तुमचे काढे. साहेबांना पाजू नका. कोपले तर अख्खे रान जाईल, आणि पाप तुमच्या माथी."

शेजारचे ससे, भेकरे, मुंगूस सगळे बुवांच्या मागे उभे होते. त्यांच्याही घरात पोरे होती. साळूबाईने मुळ्या खाली ठेवल्या. तिने बाभळीला लांबच्या कोपऱ्यात ठेवले, कडुलिंबाचा पाला अंथरला, दोघांना त्यावर निजवले आणि ती त्यांच्या उशाशी बसून राहिली. आधी बोरू गेला. मग खैरू 'आई, पाणी' म्हणत गेला. ती रडली नाही, कारण रडायचे नव्हते. बुवा येऊन म्हणाले, "साहेब प्रसन्न झाले हो! तुमच्याकडची दोनच घेतली. पलीकडे पाच घेतली." आणि पुढची व्यवस्था लावायला ते आत शिरले.

त्या दिवसापासून साळूबाईचे बोलणे कमी झाले. ती हिंडू लागली. कोण गेले, कोण राहिले, हे बघत ती बिळोबिळी फिरली. तिला वाटले, साहेबांनी कोणाला तरी भिऊन सोडले असेल. तो कोण, ते मला कळले पाहिजे.

पाणवठ्यावर तिला भेकराचे एक पोर दिसले. त्याचा सारा कळप साथीत गेला होता. ते पोर मात्र उड्या मारत होते आणि अंगावर एक व्रण नव्हता. आईला दूध नव्हते, म्हणून साथीच्या आधीपासूनच भुराक्का म्हशीने त्याला आपल्या आचळाला लावले होते.

साळूबाई भुराक्काकडे गेली. भुराक्का चिखलात बसली होती.

"आक्का, तुमच्या कळपात साहेब उतरले नाहीत?"

"नाही बाई. आमच्याकडे मोठी माणसं कशाला येतील?"

"उठून उभ्या राहता का? कास बघायची आहे."

भुराक्का लाजली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "साळूबाई, कुणाला सांगू नका. आमच्यात ते धाकटं असतं. फोड येतात आचळाला. लोकांना कळलं तर पोरींची लग्नं व्हायची नाहीत."

"या पोराला आले होते?"

"ओठाला आले होते बिचाऱ्याच्या. चार दिवस कुरकुरलं आणि खडखडीत झालं. मग साथ आली, ते साहेब उतरलेल्या आईला चाटत बसलं होतं. त्याला काही झालं नाही. आमचं नशीब, दुसरं काय?"

 नशीब या शब्दाचा साळूबाईला राग होता. तिच्या मनात एक विचार आला आणि तो आल्याबरोबर तिच्या अंगावरचे सगळे काटे उभे राहिले. घरात धाकटा राहायला आला, तर थोरला दारातून परत जातो की काय? भाऊच ते. एका ताटात जेवायची भावांना सवय नसते, हे तिने जंगलात सगळीकडे पाहिले होते.

पण हे खरे की खोटे, बघायचे कोणावर? तिला स्वतःला लहानपणी साहेब उतरून गेले होते. तोंडावर खड्डे होते. साहेब एकाच अंगात दुसऱ्यांदा येत नसत. दुसऱ्याचे पोर मागायला तोंड नव्हते. राहिली बाभळी.

साळूबाई कितीतरी दिवस पाणवठ्यावर जायची आणि परत यायची. भुराक्काच्या एका वासरीला ताजे फोड आले, तेव्हा तिने आपल्या पाठीवरचा एक काटा उपटला, त्याचे टोक फोडात बुडवले आणि घरी आली. बाभळी झोपेत होती. साळूबाईने तिच्या कानाच्या पाळीला काटा टोचला. बाभळी किंचाळून उठली.

"आई, का टोचलंस?"

"डास होता," साळूबाई म्हणाली. ती आयुष्यात पहिल्यांदाच इतके मऊ खोटे बोलली.

बाभळीला कणकण आली. कानावर एक फोड उठला. साळूबाईने अन्न सोडले. 'हा एकच राहू दे, दुसरा नको' असे ती कोणाला सांगत होती, ते तिलाही ठाऊक नव्हते. दुसरा फोड आला नाही. खपली पडली, तिथे एक बारीक गोल खूण राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात साहेब पुन्हा आले. साळूबाईने बाभळीला बिळात कोंडले. पण बाभळी तिच्याच पोटची. ती मागून माती उकरून निसटली आणि आपल्या मैत्रिणीकडे, सशाच्या सोनटक्कीकडे गेली. सोनटक्कीकडे साहेब उतरले होते. बाभळी दिवसभर तिच्या उशाशी बसली, तिचे तोंड पुसत होती, तिला पाणी पाजत होती. साळूबाईला हे कळले तेव्हा ती धावत गेली. तिने पोरीला ओढत घरी आणले, मारले आणि मग पोटाशी धरले.

सोनटक्की गेली. बाभळीला शिंकसुद्धा आली नाही.

मग मात्र साळूबाई थेट दरबारात गेली. पट्टेराव महाराज शिळेवर पहुडले होते. बाजूला दिवाण कोल्हे आणि तरसबुवा होते. साळूबाईने सगळे सांगितले. आपल्या पोरीचा कान दाखवला.

दिवाण कोल्हे खाकरले. "म्हणजे म्हशीच्या कासेतली घाण वाघाच्या अंगात घालायची?"

"घाण नाही. धाकट्या फोड्याचा अंश आहे."

"तोही फोडेच ना? एक फोडे बाहेर ठेवायला दुसरा फोडे आत घ्यायचा? चोर येऊ नये म्हणून चोरच ठेवायचा?"

"होय," साळूबाई म्हणाली. "दरबारात नाही का ठेवला? आपणच दिवाण आहात."

पट्टेराव हसले. दिवाण हसले नाहीत.

आता बुवा पुढे सरसावले. "महाराज, युवराजांना म्हशीचा रस टोचला आणि उद्या ते रवंथ करू लागले तर? शिंगे फुटली तर? वाघाच्या पोटी रेडा निपजला म्हणून शेजारच्या जंगलात काय तोंड दाखवायचे?"

हे मात्र महाराजांना लागले. त्यांना एकच बछडा होता. त्यांनी डोळे मिटून पुष्कळ विचार केला. राजे विचार करताना झोपल्यासारखे दिसतात, आणि कधी कधी झोपलेलेच असतात.

"असे करा," ते शेवटी म्हणाले, "आधी सशांना टोचा. त्यांना शिंगे फुटली नाहीत, तर हरणांना टोचा."

"हरणांना आधीच शिंगे आहेत, महाराज," दिवाण हळूच म्हणाले.

"मग ती गळतात का बघा."

सशांना टोचले. ससे नाही म्हणू शकत नव्हते. सशांना विचारण्याची पद्धतही नव्हती. साथ रानभर फिरली, टोचलेला एकही ससा गेला नाही, कोणाला शिंग आले नाही, कोणी रवंथ केला नाही. ही बातमी आली त्याच सकाळी महाराज स्वतः युवराजांना मानगुटीला धरून साळूबाईच्या दारात हजर. बाहेर रांग होती. महाराजांनी रांगेकडे नुसते पाहिले. रांग उरली नाही.

"प्रजेच्या मनातली भीती जावी म्हणून आम्ही सर्वांत आधी टोचून घेत आहोत," दिवाणांनी जाहीर केले. सशांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या कानांवर खुणा आधीच होत्या.

मग साळूबाई थांबली नाही. एकाच्या फोडातून दुसऱ्याला, दुसऱ्याच्या फोडातून तिसऱ्याला, असे करत तिने टेकड्या, ओढे, बांबूची बने पालथी घातली. काही घरांतून तिच्यावर दगड आले. माकडांनी तिला शेणाने न्हाऊ घातले. एका रानडुकराने सुळा मारून तिचा पाय मोडला, मग तेच डुक्कर पोरे घेऊन रांगेत उभे राहिले. ती लंगडत गेली. पाठीवरचे काटे उपटून उपटून विरळ झाले. भुराक्का न कंटाळता तिच्यासाठी फोड जपून ठेवायची. "आमच्या रोगाला इतकी मागणी येईल असं वाटलं नव्हतं," ती म्हणायची, आणि थोडी मान ताठ करून चालायची.

थोरले फोडेराव एका उन्हाळ्यात आले आणि दारोदार फिरले. प्रत्येक दारात धाकटा आधीच बसून गेलेला. शेवटी एका म्हाताऱ्या मुंगसाच्या अंगात त्यांना जागा मिळाली. मुंगूस बरे झाले. त्याच्याकडून पुढे जायला घर उरले नव्हते. फोडेराव तिथेच संपले.

साळूबाई त्या रात्री घरी आली आणि रडली. बोरू आणि खैरूसाठी, मोठ्याने, जंगलभर ऐकू जाईल असे रडली. आता आवाज न सोसणारे कोणी नव्हते.

मुलांनो, गोष्ट इथे संपवली असती तर तुम्हाला गोड झोप लागली असती. पण मी गोष्ट सांगतोय, अंगाई म्हणत नाही.

वर्षे गेली. नवी पोरे जन्मली, मोठी झाली. त्यांनी फोड पाहिले नव्हते. खड्ड्याखड्ड्यांची तोंडे म्हाताऱ्यांबरोबर मातीत गेली. पोरे म्हणू लागली, "साहेब साहेब म्हणतात, पण पाहिलेय कोणी? आमच्या कानावर ही खूण मात्र आहे. ही कोणी केली? का केली?"

तरसबुवा या काळात फार वाळले होते. मेलेल्यांची व्यवस्था लावायला मेलेले मिळत नव्हते. पोरांचा प्रश्न ऐकून त्यांच्या अंगात बळ आले. ते वडाखाली बसून सांगू लागले, "साहेब गेले ते आमच्या पूजेने प्रसन्न होऊन गेले. त्या बाईने नुसते कान टोचले. आणि बघा, पूर्वी रानात ससे किती चपळ होते! आता ससे आळशी झाले. माकडांना वात झाला. हरणांना पाडसे कमी होतात. हे कशाने?"

खरे तर हरणांना पाडसे कमी होत नव्हती. महाराजांचे युवराज मोठे झाले होते आणि त्यांची भूक चांगली होती. पण हे बोलण्यापेक्षा काट्याला दोष देणे सोपे होते.

दसऱ्याला दरबार भरला. रोगनिवारणाबद्दल तरसबुवांना 'वनभूषण' ही पदवी मिळाली. त्याच दरबारात साळूबाईची चौकशी लावण्यात आली. प्रजेचे कान कोणाच्या परवानगीने टोचले, असा प्रश्न होता. परवानगी देणारे महाराज समोरच बसले होते. त्यांना आठवेना.

"युवराजांच्या कानावरही खूण आहे, महाराज," साळूबाई म्हणाली.

"ती जन्मखूण आहे," दिवाण म्हणाले.

चौकशी चालू राहिली. साक्षीदार बोलावले जात, ते येत नसत. पुढची तारीख पडे. साळूबाई लंगडत येई, लंगडत जाई.

मग कोणाला तरी आठवले की भुराक्काच्या कळपात अजून फोड येतात. कोंबड्यांवरचे मधले सोडले, तर रानात आता फोडे घराण्यातला एकच माणूस राहिला होता, आणि तो धाकटा. गवगवा झाला. 'जंगलात रोग नको!' अशा आरोळ्या देत ससे, हरणे आणि माकडे पाणवठ्यावर गेली आणि त्यांनी म्हशींना नदीपार हाकलले. दगड मारण्यात ते भेकराचे पोरही होते. आता त्याला चांगली शिंगे फुटली होती.

साळूबाई काठावर उभी होती. भुराक्काने पाण्यातून मागे वळून पाहिले.

"साळूबाई, आमचं काय चुकलं हो?"



साळूबाई तशीच बाभळीच्या बिळाकडे गेली. बाभळीला नुकतीच दोन पोरे झाली होती. साळूबाईने पाठीवर चाचपून एक शेवटचा बरा काटा शोधला.

"बाभळे, म्हशी अजून पलीकडच्या काठालाच आहेत. मी पोहून जाते, बुडवून आणते. पोरांना टोचून घेऊ."

बाभळीने पोरांना पोटाखाली घेतले. "राहू दे आई. उगाच कशाला पोरांना त्रास?"

"त्रास? तुला मी टोचलं होतं म्हणून..."

"म्हणून काय? मला कुठे झाला होता तो रोग?"

साळूबाईने पोरीकडे पाहिले. बाभळीचे तोंड गुळगुळीत होते. डोळे शाबूत होते. एक खड्डा नव्हता, की एक आठवण नव्हती. साळूबाईने काटा खाली ठेवला. नातवंडांना एकदा हुंगले आणि ती चौकशीच्या तारखेला निघून गेली.

आता एवढेच सांगायचे राहिले. त्या शेवटच्या म्हाताऱ्या मुंगसाच्या खपल्या दिवाण कोल्ह्यांनी गोळा करून ठेवल्या होत्या. एका भोपळ्यात भरून, वरून मेण लावून. थोरले फोडेराव त्यात निपचित पडून होते. साळूबाईने पूर्वी विचारले होते, "हे जाळून का टाकत नाही?"

"शेजारच्या जंगलातल्या सिंहाकडेही असा एक भोपळा आहे," दिवाण म्हणाले होते. "त्याने जाळला की आपण जाळू."

सिंहही तेच म्हणत होता.

तेव्हापासून तो भोपळा दरबारामागच्या गुहेत मखमली शेवाळावर ठेवलेला असतो. दारात दोन गवे उभे. सणासुदीला बुवा येऊन त्याला हळद-कुंकू वाहतात. आत एक तरणे माकड राखणीला नेमले आहे. ते टोचणे थांबल्यावर जन्मलेले, त्याच्या कानावर खूण नाही. दिवसभर बसून त्याला फार कंटाळा येतो. परवा त्याने भोपळा उचलला, कानाशी धरला आणि आत काही वाजते का, म्हणून हलवून पाहिला.

तात्पर्य : 'गरज सरो, वैद्य मरो' ही म्हण अगदी चुकीची आहे, बाळांनो. वैद्य मेला तर पुढच्या साथीचे खापर कोणावर फोडणार? शहाण्या राज्याने वैद्याला जिवंत ठेवावे, त्याची चौकशी संपू देऊ नये, औषधाला नदीपार हाकलावे आणि रोग मात्र मखमलीवर जपावा. तो केव्हा उपयोगी पडेल, सांगता येत नाही.